कर्करोगावरील औषधांच्या तीन पिढ्या

आमच्या परभणी जिल्ह्यांत अलीकडे दोन नवीं नांवें रूढ होऊं लागलीं आहेत. जिंतूरचा किंवा गंगाखेडचा रोगी मुंबईच्या रुग्णालयांतून परत येतो तो कागदपत्रांच्या पिशवीबरोबर हीं नांवेंहि घेऊन येतो : एक 'टार्गेटेड थेरपी' व दुसरें 'इम्युनोथेरपी'. घरांतील शिकलेला मुलगा तीं उच्चारतो, वडील मंडळी निमूटपणें ऐकतात, आणि सर्वांच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात. या औषधानें आपला माणूस वांचेल काय? आणि त्यासाठीं शेत विकावें काय? पहिल्याचें उत्तर डॉक्टरांनीं द्यावयाचें व दुसऱ्याचें त्या कुटुंबानें. परंतु हीं औषधें कोठून आलीं, तीं शरीरांत काय करतात, आणि त्यांची किंमत कोणीं व कशी ठरविली, हा इतिहासाचाच विषय आहे. आणि तो ठाऊक असल्यास वरील दोन्ही प्रश्न अधिक शहाणपणानें विचारतां येतात, असें आम्हांस वाटतें. म्हणून हा लेख.

प्रारंभींच एक गोष्ट नमूद करून ठेवितों. औषधाचा शोध लागला म्हणजे त्याचा इतिहास संपला असें नाहीं. शोध हा अर्धा भाग. तें औषध साध्या रोग्याच्या दारापर्यंत पोंचणें हा दुसरा अर्धा. पहिल्या अर्ध्याचीं पानें बहुतांशीं अमेरिका, युरोप व जपान येथें लिहिलीं गेलीं. दुसऱ्या अर्ध्याचीं कांहीं ठळक पानें मात्र आपल्या मुंबईंत लिहिलीं गेलीं आहेत, आणि त्यांची वार्ता मराठी वाचकांपर्यंत जितकी पोंचावयास हवी तितकी पोंचलेली नाहीं.

ग्रीक वैद्यांनीं या रोगास खेकड्याचें नांव दिलें. त्याचें लॅटिन रूप इंग्रजीच्या मार्गानें आमच्याकडे आलें, आणि खेकड्यास संस्कृतांत कर्क म्हणतात म्हणून 'कर्करोग' हा शब्द घडला. सुश्रुतसंहितेंत 'अर्बुद' या नांवानें गांठींचें वर्णन आहे. म्हणजे रोग नवा नाहीं, नांव नवें आहे. पण खेकड्याच्या उपमेनें एक गैरसमज होतो. खेकडा हा बाहेरून येऊन नांगी मारणारा प्राणी. प्लेग, पटकी, देवी हे रोगहि तसेच. त्यांचे जंतु परके असतात, म्हणून त्यांस ओळखणें त्या मानानें सोपें. कर्करोग हा परका शत्रु नव्हे. तो घरभेद्या आहे. आपल्याच शरीरांतील एखाद्या पेशीच्या जनुकांत एकामागून एक बिघाड होत जातात, आणि केव्हां वाढावें व केव्हां थांबावें हा निर्बंध ती पेशी झुगारून देते. तिची संतति तोच अवगुण घेऊन जन्मते, गांठ वाढते, आणि रक्तावाटे दुसऱ्या अवयवांत तिचीं ठाणीं बसतात. किल्ल्याच्या आंतील माणूसच फितूर झाला तर तोफा कोणत्या दिशेस वळवाव्या? कर्करोगावरील औषधांचा सगळा इतिहास या एका अडचणीभोंवतीं फिरतो : आपल्यांतून फितुरास वेगळें ओळखावें कसें?

मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, तेव्हां या प्रश्नास उत्तर नव्हतें. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. वर्षभरांत दोराबजीहि गेले, आणि त्यांच्या नांवच्या विश्वस्त निधीनें परळ येथें हें रुग्णालय उभारलें. त्या काळीं साधनें मुख्यतः दोनच : शस्त्र आणि किरण. गांठ एका जागीं असेल तर ती कापावी किंवा जाळावी. परंतु ज्या रोगानें मेहेरबाई गेल्या त्यांत कापण्याजोगी गांठच नसते. त्याला उपाय नव्हता म्हटलें तरी चालेल. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं निराळी वाट धरली. रोग कोणास व कां होतो हें ते पाहूं लागले, आणि १९४५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यांनीं तंबाखूच्या सेवनाच्या व धोतर कमरेशीं घट्ट आवळण्याच्या देशी संवयींशीं कर्करोगाच्या विशिष्ट प्रकारांचा संबंध दाखविला. परभणी तेव्हां निजामाच्या राज्यांत होती व १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिली. पण तंबाखूची चंची राज्याची सीमा मानीत नसे. तोंडाचा कर्करोग हा आमच्याकडील दुर्दैवाचा मोठा वांटा आजहि आहे, आणि लेखाच्या शेवटीं आम्हांस त्याच्याकडेच यावयाचें आहे.

औषधांची पहिली पिढी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जन्मली. तिचा एक पाय रणांगणांत होता व दुसरा मुंबईंत. पहिल्या महायुद्धांत मस्टर्ड वायूनें मेलेल्या सैनिकांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी नष्ट झालेल्या आढळल्या होत्या. १९४२ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठांत त्याच जातीचें द्रव्य लसीकाग्रंथींच्या कर्करोगावर वापरून पाहण्यांत आलें, आणि कांहीं काळ कां होईना, गांठी वितळल्या. मुंबईची कथा अधिक सौम्य आहे. लूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी १९२८ सालीं मुंबईस आल्या. येथील गरीब, गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांस होणाऱ्या घातक पांडुरोगाचें कारण त्या शोधीत होत्या. यीस्टच्या स्वस्त अर्कानें तो बरा होतो असें त्यांनीं १९३१ सालीं जाहीर केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य पुढें 'फॉलिक ॲसिड' या नांवानें ओळखलें गेलें. नवें जनुकद्रव्य घडविण्यास पेशीला तें लागतें. आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालीं अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत तें कृत्रिम रीतीनें तयार झालें, आणि त्याच्यासारखीं दिसणारीं परंतु त्याचें काम न करणारीं द्रव्येंहि तेथेंच तयार झालीं. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनीं त्यांपैकीं एक द्रव्य रक्ताच्या कर्करोगानें पिडलेल्या मुलांस दिलें. १९४८ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या हकिकतींत सोळांपैकीं दहा मुलांस तात्पुरता उतार पडला होता.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचें नांव घेऊन एक तोतया पुढें आला व कित्येक जण त्यास खरा समजले, ही कथा वाचकांस विदितच आहे. फार्बर यांचें औषध व त्याचें भावंड मेथोट्रेक्सेट हे फॉलिक ॲसिडचे तोतये होत. भुकेली पेशी त्यांस खरें समजून आंत घेते, आणि तिच्या कारखान्याचें काम बंद पडतें. मात्र हा तोतया केवळ कर्कपेशीसच फसवितो असें नाहीं. जी जी पेशी भराभर वाढते ती ती फसते : केसांच्या मुळांची, तोंडाच्या व आंतड्याच्या अस्तराची, अस्थिमज्जेंतील रक्त घडविणारी. केमोथेरपीनें केस कां गळतात, तोंड कां येतें, रक्त कां उतरतें, याचें कारण हें. या पिढीस तुच्छ लेखणें अन्यायाचें होईल. अशाच अनेक औषधांच्या संयोगानें रक्ताचा कर्करोग झालेलीं पुष्कळ मुलें आज पूर्ण बरीं होतात. पण फितुरास ओळखण्याची तिची खूण एकच, वाढीचा वेग; आणि ती खूण निरपराधांच्याहि अंगीं असते.

खरी खूण सांपडण्यास १९६० साल उजाडावें लागलें. फिलाडेल्फिया येथें नॉवेल व हंगरफोर्ड या दोघां संशोधकांस रक्ताच्या एका संथ कर्करोगांत एक गुणसूत्र नेहमींपेक्षां आंखूड दिसलें. १९७३ सालीं शिकागोच्या जॅनेट राउली यांनीं दाखविलें कीं नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागीं चिकटलेले असतात. या भलत्या सोयरिकींतून एक नवें जनुक बनतें, आणि तें असें एक विकर घडवितें कीं जें कधीं थांबतच नाहीं. विहिरीवरील विजेच्या पंपाचें बटण चालू स्थितींत अडकून बसावें तसा हा प्रकार. हें विकर निरोगी पेशींत नसतेंच. ब्रायन ड्रकर, निकोलस लायडन प्रभृति संशोधकांनीं, या विकराचें इंधन ज्या खोबणींत बसावयाचें तिच्यांतच जाऊन बसेल असें द्रव्य पुढें आणलें. खोबणी भरली कीं पंप बंद. इमॅटिनिब नांवाच्या या गोळीस अमेरिकेंत मे २००१ मध्यें मान्यता मिळाली. जो रोग पूर्वीं कांहीं वर्षांत बहुधा प्राण घेई, त्यांत या गोळीवर ठेवलेल्या रोग्यांच्या मोठ्या अभ्यासांत दहा वर्षांनंतर शेंकडा सुमारें ८३ जण हयात आढळले.

टार्गेटेड थेरपी ती हीच. तिच्यांतील औषधांचे दोन मुख्य वर्ग नांवांच्या शेवटावरून बहुधा ओळखतां येतात. 'निब' या अक्षरांनीं संपणारीं औषधें म्हणजे लहान रेणु. तीं गोळीच्या रूपानें घेतलीं जातात व पेशीच्या आंत शिरून काम करतात. 'मॅब' या अक्षरांनीं संपणारीं औषधें म्हणजे प्रतिपिंडें. शरीर रोगजंतूंविरुद्ध जीं प्रथिनें घडवितें त्यांच्याच धर्तीवर, एकाच खुणेस चिकटणारीं प्रतिपिंडें प्रयोगशाळेंत हवीं तितकीं कशीं मिळवावीं, हें कोलर व मिलस्टाइन यांनीं १९७५ सालीं दाखविलें. तीं बहुधा शिरेंतून दिलीं जातात व पेशीच्या बाह्यांगावरील खूण धरतात. १९९८ सालीं आलेलें ट्रॅस्टुझुमॅब हें यांपैकीं प्रसिद्ध. स्तनाच्या कर्करोगाच्या पांच-सहा रोग्यांपैकीं सुमारें एकीच्या गांठींत 'हर-टू' नांवाचें प्रथिन अतोनात असतें. हें औषध त्यासच चिकटतें. ज्या स्त्रीच्या गांठींत ही खूण नाहीं तिला तें पदरचे दागिने मोडून दिलें तरी व्यर्थ. म्हणून औषधाच्या आधीं तपासणी, हा या पिढीचा पहिला नियम आहे.

या पिढीची मर्यादा आमच्या जिल्ह्यांतील कापूस पिकविणाऱ्यांस निराळी समजावून सांगावी लागणार नाहीं. पूर्वींची फवारणी शत्रुकीटक व मित्रकीटक सर्वांसच मारी; २००२ सालीं भारतांत मान्यता मिळालेल्या बीटी कापसांतील प्रथिन मात्र बोंडअळीच्या आंतड्यांतील ठराविक जागीं चिकटतें, म्हणून अळी मरे व इतर बहुतेक कीटक वांचत. पण असंख्य अळ्यांमध्यें थोड्या अशा असतात कीं ज्यांवर तें चालत नाहीं. त्या जगल्या, त्यांचीच प्रजा वाढली, आणि २०१७ सालीं मराठवाड्यांत व विदर्भांत गुलाबी बोंडअळीनें बीटी कापसाचीं बोंडें पोखरलीं. कर्कपेशींचें असेंच होतें. कोट्यवधि पेशींत एखादीच्या खोबणीचा आकार किंचित् बदललेला असतो. औषध तीमध्यें बसत नाहीं. बाकीच्या मेल्या तरी ही उरते व वाढते. पहिले सहा महिने लागू पडलेलें औषध पुढें कां लागू पडत नाहीं, असें घरचीं माणसें कळवळून विचारतात. त्यांत पथ्य चुकलें असें नसतें, डॉक्टर चुकले असेंहि बहुधा नसतें. शत्रूची नवी पिढी आलेली असते, आणि तिच्यासाठीं नवें औषध किंवा दोन औषधांचा जोड लागतो.

दुसऱ्या पिढीबरोबरच किंमतीचा प्रश्न आला. मूळ कंपनीच्या इमॅटिनिबचा महिन्याचा खर्च भारतांत सुमारें १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. हें शक्य झालें तें १९७० च्या पेटंट कायद्यामुळें. त्या कायद्यानें औषध बनविण्याच्या कृतीस पेटंट मिळे, खुद्द औषधास मिळत नसे. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार २००५ पासून औषधासहि पेटंट देणें भाग पडलें. पण त्याच वेळीं संसदेनें एक अट घातली. जुन्याच द्रव्याचें नवें रूप पुढें करून पेटंट मागणाऱ्यानें त्या रूपाचा गुण खरोखर वाढला आहे हें सिद्ध केलें पाहिजे. नोव्हार्टिस कंपनीनें इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपावर पेटंट मागितलें होतें. तिला विरोध करणाऱ्यांत देशी औषध-कंपन्यांबरोबर मुंबईची 'कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन' ही सेवाभावी संस्थाहि होती. १ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांच्या पीठानें कंपनीचें अपील फेटाळलें. कंपनी बऱ्याच रुग्णांस ही गोळी मोफत देत असे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. पण दान मिळणें निराळें आणि वस्तु बाजारांत परवडणें निराळें.

याच्या वर्षभर आधीं मुंबईच्या पेटंट कार्यालयांतून असाच एक निर्णय निघाला होता. यकृताच्या व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधाचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवर होता. पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनीं ९ मार्च २०१२ रोजीं बायर कंपनीचें पेटंट कायम ठेवून हैदराबादच्या नॅटको कंपनीस तें बनविण्याचा सक्तीचा परवाना दिला. किंमतीची मर्यादा ८,८८० रुपये ठरली व मूळ कंपनीस विक्रीचा ठराविक हिस्सा देण्याची अट घातली गेली. भारतांतील हा असा पहिलाच परवाना. २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तो उचलून धरला. औषधाची किंमत ही पावसासारखी आकाशांतून पडत नाहीं, ती माणसें ठरवितात व माणसें बदलूंहि शकतात, एवढें या दोन निर्णयांवरून दिसतें.

आतां तिसरी पिढी. तिचा प्रश्न मुळांतच निराळा आहे. बाहेरून शस्त्र कशाला आणावें? शरीराचें स्वतःचें सैन्य काय करीत होतें? १८९१ सालीं न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य विल्यम कोली यांनीं, धांवरें नांवाचा ज्वर अंगावर फुटला असतां एका रोग्याची गांठ नाहींशी झाल्याची हकिकत वाचून, कर्करोग्यांस मुद्दाम जंतु टोंचून पाहिले. कांहींच्या गांठी विरल्या, कांहींच्या नाहीं. कारण कोणासच सांगतां येईना, आणि किरणोपचारांच्या लाटेंत तो प्रयोग मागें पडला. कारण कळण्यास शतक लागलें. आपल्या रक्तांतील टी-पेशी म्हणजे पहाऱ्यावरचे स्वार. ते उधळले तर घरच्यांसच तुडवतील, म्हणून निसर्गानें त्यांच्या घोड्यांस लगाम घातले आहेत. फितूर पेशी धूर्तपणें हाच लगाम खेंचून धरते. स्वार समोर असूनहि जागचा हालत नाहीं. जपानमध्यें तासुकु होन्जो यांनीं १९९२ सालीं 'पीडी-१' हा लगाम शोधला. अमेरिकेंत जेम्स ॲलिसन यांनीं १९९६ सालीं 'सीटीएलए-४' हा दुसरा लगाम प्रतिपिंडानें अडविला असतां उंदरांच्या गांठी नाहींशा होतात असें दाखविलें. या तत्त्वावरील पहिलें औषध अमेरिकेंत २०११ सालीं व पीडी-१ वरील निवोलुमॅब २०१४ सालीं मान्य झालें. २०१८ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे. 'इम्युनोथेरपी' या शब्दाचें 'प्रतिकारशक्ति वाढविणारें औषध' असें सैल भाषांतर करून बाजारांत कित्येक काढे व भुकट्या विकल्या जातात. त्यांचा या औषधांशीं कांहीं संबंध नाहीं. हें औषध शक्ति वाढवीत नाहीं. तें अडकलेला लगाम सोडवितें. आणि लगाम सुटलेला स्वार कधीं कधीं घरच्यांवरहि घसरतो : त्वचा, आंतडें, फुफ्फुस, यकृत, कंठग्रंथि यांस सूज येते. औषध चालू असतां जुलाब किंवा दम लागला तर तो किरकोळ समजून घरीं बसूं नये, असें डॉक्टर बजावून सांगतात तें यासाठींच. शिवाय हीं औषधें सर्वांस लागू पडत नाहींत. बहुतेक प्रकारच्या कर्करोगांत लागू पडणारे रोगी अल्पसंख्यच असतात. ज्यांस पडतात त्यांपैकीं कित्येकांचा गुण मात्र वर्षानुवर्षें टिकतो, आणि याचमुळें त्यांचें एवढें महत्त्व.

याच पिढीची दुसरी शाखा अधिक धाडसी आहे. तिच्यांत रोग्याच्याच रक्तांतून टी-पेशी काढून घेतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्यानें त्यांत एक नवें जनुक घालतात, आणि त्यायोगें कर्कपेशीवरील विशिष्ट खूण ओळखण्याची दृष्टि त्यांना देतात. मग त्यांची संख्या वाढवून त्या पुन्हा त्याच रोग्याच्या शिरेंत सोडतात. 'कार-टी' नांवाच्या या उपचारास अमेरिकेंत ऑगस्ट २०१७ मध्यें प्रथम मान्यता मिळाली. किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर. पवईच्या आयआयटीचे प्रा. राहुल पुरवार व त्यांचे सहकारी यांनीं टाटा स्मारकाच्या डॉक्टरांसमवेत हा उपचार मुंबईंतच घडविला. ऑक्टोबर २०२३ मध्यें त्यास भारत सरकारची मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजीं राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांच्या हस्तें पवई येथें त्याचें उद्घाटन झालें. विशिष्ट जातीच्या रक्तकर्करोगांत व लसीकाग्रंथींच्या कर्करोगांत, इतर औषधें थकल्यावर, तो देतात. प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत शेंकडा सुमारें ७३ रोग्यांस गुण दिसला. परदेशांतील खर्चाच्या सुमारें एक दशांशांत तो होतो. तरीहि तो खर्च लाखांच्या घरांतच आहे, व मराठवाड्यांतील साध्या घरास तो पेलणारा नाहीं.

म्हणून आम्हांस या सर्व इतिहासांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो टाटा स्मारकांतीलच एक कमी गाजलेला प्रयोग. तोंडाच्या, घशाच्या व मानेच्या बळावलेल्या कर्करोगावरील मान्यताप्राप्त नवीं औषधें आपल्यासारख्या देशांत शेंकडा एक ते तीन रोग्यांसच परवडतात. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश व त्यांचे सहकारी यांनीं एक साधा प्रश्न विचारला : निवोलुमॅबची एवढी मोठी मात्रा खरोखर लागते काय? पूर्वींच्या अभ्यासांत दिसलें होतें कीं अगदीं थोड्या मात्रेनेंहि टी-पेशींवरील बहुतेक लगाम व्यापले जातात. मात्रा कैक पटींनीं वाढविली तरी त्यांत फारशी भर पडत नाहीं. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅम. यांनीं दिली दर तीन आठवड्यांस २० मिलिग्रॅम. तिच्या जोडीला स्वस्त गोळ्या तीन : सुब्बारावांच्या परंपरेंतील मेथोट्रेक्सेट, 'निब' कुळांतील एर्लोटिनिब, आणि सूज कमी करणारें सेलेकॉक्सिब. एकाच रोग्याच्या औषधांत तीनहि पिढ्या एकत्र नांदल्या. १५१ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट केले. एका गटास केवळ गोळ्या, दुसऱ्यास गोळ्या व अल्प मात्रेचें निवोलुमॅब. एक वर्षानंतर पहिल्या गटांत शेंकडा १६.३ रोगी हयात होते, दुसऱ्यांत शेंकडा ४३.४.

हे आंकडे नीट वाचले पाहिजेत. हा रोग बरा झाल्याचा दाखला नव्हे. हे सर्व रोगी असे होते कीं ज्यांचा रोग मुळापासून काढण्याची वेळ निघून गेली होती. निम्मे रोगी जेथवर तग धरतात ती मुदत ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेली. साडेतीन महिने म्हणजे काय मोठेंसें, असें निरोगी माणूस म्हणेल. ज्या घरांत मुलीचें लग्न ठरलेलें आहे किंवा नातवंड व्हावयाचें आहे त्या घरीं तसें कोणी म्हणणार नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. औषधाची मात्रा कमी करून त्याची विक्री घटविणारा प्रयोग कोणती कंपनी आपण होऊन हातीं घेईल? तो सार्वजनिक रुग्णालयानेंच करावयाचा. टाटा स्मारक १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. लोकांच्या पैशानें चालणाऱ्या संस्थेनें लोकांच्या ऐपतीचा प्रश्न विचारला, यांतच तिचें सार्थक आहे.

छत्रपती संभाजीनगर येथें २०१२ पासून सरकारी कर्करोग रुग्णालय आहे, आणि प्रत्येक रोग्यानें मुंबईच गांठली पाहिजे अशी स्थिति आतां राहिलेली नाहीं. उपचार कोठेंहि होवो, नव्या औषधाचें नांव ऐकल्यावर कुटुंबानें तीन गोष्टी विचाराव्या, असें या इतिहासावरून आम्हांस सुचवावेंसें वाटतें. औषध ज्या खुणेवर काम करतें ती आमच्या रोग्याच्या गांठींत आहे हें तपासलें आहे काय? या औषधानें रोग बरा होण्याची आशा आहे, कीं कांहीं महिने वाढण्याची? आणि याच औषधाची देशी कंपनीची आवृत्ति, अल्प मात्रेची पद्धति किंवा सरकारी योजनेंतील सोय आहे काय? हे प्रश्न विचारणें म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणें नव्हे. चांगला डॉक्टर त्यांचीं उत्तरें आनंदानें देतो. शेतावर पैसे उभे करावयाचे कीं नाहीं याचा विचार हीं उत्तरें हातीं आल्यावर करावा, आधीं करूं नये.

राहतां राहिली तंबाखूची चंची. खानोलकरांचा निबंध प्रसिद्ध होऊन ऐंशी वर्षें झालीं. महाराष्ट्रानें २०१२ सालीं गुटख्यावर बंदीहि घातली. तरी पुडी मिळतेच व चंचीहि कमरेस आहेच. वरील प्रयोगांतील रोग्यांस जो रोग होता, त्याच्या मुळाशीं बहुधा हीच संवय असते. तोंडांतील न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, हळूहळू कमी उघडूं लागलेलें तोंड, हीं लक्षणें दिसतांच पहिल्या पंधरवड्यांत डॉक्टरांस दाखविलीं, तर पुष्कळदां १९४१ चें जुनें शस्त्रच पुरें पडतें, आणि तिसऱ्या पिढीच्या औषधाची पाळी येत नाहीं.